न आलेलं बिल: जुन्या भंडारा रोडवरचं एक गोदाम आणि पावसाचं पाणी

काकाजींचा पुतण्या लग्नासाठी नागपूरला आला होता. कॅनडातल्या मिसिसागा शहरात त्याचा घाऊक किराण्याचा धंदा आहे आणि छोटंसं गोदामही आहे. जेवणं आटोपल्यावर त्यानं मोबाइलवर पाण्याचं बिल दाखवलं. नळाच्या पाण्याचा आकार झाल्यावर खाली आणखी एक ओळ होती, पावसाच्या पाण्याची. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवून ती दोनदा वाचली.

"पाऊस देवाचा, अन् बिल महापालिकेचं?"

काकाजींचं गोदाम जुन्या भंडारा रोडला आहे. त्यांच्या मालमत्ता कराचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे असल्यानं पुढचा प्रश्न सरळ माझ्याकडे आला: "हे आपल्याइकडं लागू झालं तं मले कितीक पडन?" ताटावरून उठताना मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढचे दोन रविवार टेप आणि वही घेऊन त्यांच्या आवारात गेले. खाली आहे तो त्याच मोजणीचा हिशेब. असं शुल्क नागपुरात नाही, म्हणजे हे बिल न आलेलं आहे. आवार आणि त्यातलं पाणी मात्र खरं आहे.

मोजणी

भूखंड ४,२०० चौरस मीटर, म्हणजे एकरापेक्षा थोडा जास्त. गोदामाचं टिनाचं छत १,८०० चौ.मी. आणि ऑफिसचा स्लॅब १५०. ट्रक वळवायला केलेलं सिमेंटचं अंगण १,४५०. मागच्या बाजूला मुरूम टाकून रोलर फिरवलेली ५०० चौ.मी. जागा, रात्री गाड्या तिथं उभ्या राहतात. उरलेली ३०० चौ.मी. माती, दोन कडुनिंब आणि एक जुनी विहीर. विहिरीवर लोखंडी जाळी आणि जाळीवर फाटक्या ताडपत्र्यांचा ढीग.

मालमत्ता कराच्या बिलात यातलं पाण्याच्या कामाचं जवळपास काहीच दिसत नाही. तिथं बांधकामाचं क्षेत्र, वापर आणि त्यावरून निघालेलं करयोग्य मूल्य असतं. शिक्षण कर आहे, रोजगार हमी कर आहे, वृक्ष कर आहे. अंगणात सिमेंट आहे की गवत, हे त्या कागदाला ठाऊक नाही.

आता सेंट्रल अव्हेन्यूवरचा पाच मजली कॉम्प्लेक्स डोळ्यांपुढे आणा. जमिनीवर व्यापलेली जागा ४०० चौ.मी., बांधकाम पाचपट म्हणजे २,०००. काकाजींचं बांधकाम १,९५०. कराच्या नजरेत दोघं एकाच मापाचे, फरक पडला तर दराचा. पावसाला मात्र मजले मोजता येत नाहीत. त्या कॉम्प्लेक्सच्या गच्चीवरून ४०० चौ.मी.चं पाणी खाली येतं आणि काकाजींच्या छतावरून व अंगणातून ३,४०० चौ.मी.चं. घरपट्टीवर सरसकट दोन-चार टक्के वाढवून नाल्यांसाठी पैसा उभा करावा, असं म्हणणाऱ्यांना मी हीच दोन आवारं दाखवतो.

पहिल्या रविवारी मोजणीपेक्षा जास्त कामाचं ठरलं ते बादलीभर पाणी. आमच्या मोजणीवाल्या पोरानं ते अंगणाच्या मधोमध ओतलं. निम्मं मागं गेलं, कंपाउंडच्या भिंतीतल्या भोकातून थेट नाल्यात. उरलेलं पुढं फाटकाकडे आलं आणि तिथंच थांबलं. बाहेरचा डांबरी रस्ता गेला आणि सिमेंट रोड आला, तेव्हापासून रस्ता आवारापेक्षा वीतभर उंच झाला आहे. पावसाळ्यात फाटकाशी तळं साचतं आणि चौकीदार पंप लावून ते रस्त्यावर फेकतो. रस्त्याचं पाणी उतारानं पुन्हा आत येतं. "माह्यं पाणी मी बाहेर काहाडतो, त्याइचं माह्या घरात येते," काकाजी म्हणाले. नागपुरात हे गाऱ्हाणं गल्लोगल्ली ऐकू येतं. बिलाच्या हिशेबात ते कुठं बसतं, ते पुढे येईलच.

तीन शहरांच्या फुटपट्ट्या

पावसाच्या पाण्याचं वेगळं खातं करून त्यासाठी शुल्क लावायची पद्धत अमेरिकेत पन्नास वर्षांची आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरानं १९७४ मध्ये असं खातं काढलं. तेव्हापासून बहुतेक शहरांचा गाभा एकच राहिला: जागेची किंमत बघायची नाही, नळाचं मीटर बघायचं नाही, पाणी न मुरणारं क्षेत्र बघायचं. शहरातल्या सर्वसाधारण घराचं असं क्षेत्र म्हणजे एक एकक. धंद्याच्या जागेचं क्षेत्र मोजायचं, त्याला एककानं भागायचं आणि दरानं गुणायचं.

मिसिसागात हे २०१६ पासून सुरू आहे. तिथं एकक २६७ चौ.मी.चं, पहिल्या वर्षीचा दर एककाला १०० कॅनेडियन डॉलर. काकाजींचं ३,४०० भागिले २६७ म्हणजे १२.७ एकक, त्या दरानं वर्षाला १,२७० डॉलर. हे मुरूम न धरता. धरला तर क्षेत्र ३,९०० होतं, एकक १४.६ आणि बिल १,४६०.

मुरमाचा वाद आमच्यात पहिल्या रविवारी सुरू झाला. काकाजींचं म्हणणं, मुरूम म्हणजे जमीनच, पाणी पितो. मी कुदळ मागवली. वरचा चार बोटांचा थर इतका घट्ट दाबला गेला होता की कुदळ टणकन् उडाली. ट्रक फिरून फिरून बसलेल्या खडीला आणि मुरमाला कितीतरी शहरं न मुरणाऱ्या क्षेत्रातच धरतात, ते यामुळेच. काकाजींना कुदळीचा आवाज ऐकू आला होता, तरी त्यांनी मान्य केलं नाही.

फिलाडेल्फियाची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. तिथं पूर्वी धंद्यांकडून पावसाच्या पाण्याचे पैसे नळाच्या मीटरच्या आकारावरून घेत. मोठं मीटर, मोठं बिल. त्यामुळे उंच इमारती भरडल्या जात आणि नळच नसलेली भलीमोठी पार्किंगची मैदानं फुकटात सुटत. २०१० पासून टप्प्याटप्प्यानं, चार वर्षांत, त्यांनी हिशेब जमिनीवर आणला. खर्चाचा ८० टक्के भार न मुरणाऱ्या क्षेत्रावर, २० टक्के पूर्ण भूखंडावर, आणि एकक ५०० चौरस फुटांचं. काकाजींचा भूखंड साधारण ९० एककांचा, न मुरणारा भाग ७३ एककांचा. पूर्ण भूखंडावरही थोडा भार का? मोकळ्या जमिनीवरूनही जोराच्या पावसात पाणी वाहतं म्हणून. नागपूरच्या काळ्या मातीला हे जास्तच लागू पडतं. ऑगस्टमध्ये माती एकदा फुगून बसली की वरून पडणारं पाणी ती जेमतेम घेते. परदेशातलं "माती म्हणजे शून्य" हे गृहीत आपल्याकडे उचलून आणलं, तर आकडे चुकतील.

जर्मनीत वाट वेगळी होती. सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच बिलात, तेही नळाच्या वापरावरून, अशी जुनी रीत होती. बर्लिननं २००० मध्ये दोन्ही वेगळं केलं. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात तर २०१० मध्ये न्यायालयानंच सांगितलं की एकत्र आकारणी चालणार नाही. तिथं हिशेब चौरस मीटरला इतके युरो असा सरळ असतो, घरांच्या एककांच्या भानगडीत पडत नाहीत. आपल्याकडे सरासरी घर कुठलं धरायचं? महाल भागातला वाडा, धरमपेठेतला बंगला की बेसातला फ्लॅट? मला सरळ चौरस मीटरच बरा वाटतो.

शंभर मिलिमीटर

आकडे कागदावर राहू नयेत म्हणून आम्ही एक पाऊस निवडला. २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र आणि २३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत १०० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटमध्ये घरांत पाणी शिरलं, सीताबर्डीला मोरभवनच्या बसस्थानकात बस बुडाल्या.

एक मिमी पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. शंभर मिमी धरले तर काकाजींच्या आवारात ४ लाख २० हजार लिटर पडतं. टिनाच्या आणि स्लॅबच्या छतावरून ९५ टक्के वाहतं असं धरलं, सिमेंटवरून ९०, मुरमावरून ६०, मातीवरून ३०. बेरीज येते साडेतीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे पस्तीस टँकर, एका आवारातून, एका रात्रीत. तासाला ६० मिमीचा जोर असेल तर दर सेकंदाला ५९ लिटर बाहेर पडतं. हीच जागा पूर्ण मातीची असती, तर सेकंदाला २१ लिटर. पावसाळी नालीचा व्यास वर्षभराच्या पाण्यावर नाही, या सेकंदाच्या आकड्यावर ठरतो. म्हणून धंद्याच्या जागेचं शुल्क ठरवताना मी ५९ आणि २१ मधला फरक बघतो.

इथं एक सांगून टाकतो, नाहीतर भलताच अर्थ निघेल. त्या रात्री जे झालं ते गोदामांच्या अंगणांमुळे झालं नाही. अंबाझरी १८७० चा तलाव, त्याच्या सांडव्याखालची बांधकामं, तिथल्या स्मारकाचा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलेला वाद, नाग नदीचं आवळत गेलेलं पात्र, हा सगळा वेगळा खटला आहे. शुल्क असतं तर पूर आला नसता असं कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडून ते शुल्क कुठं खर्च करणार ते आधी लिहून घ्यावं.

दर आणि सवलत

दर काढायची रीत सोपी आहे. पावसाळी नाल्या साफ ठेवायला, बदलायला आणि नव्या टाकायला वर्षाला किती लागतात तो आकडा वर ठेवायचा, शहरातली सगळी एककं खाली. समजा, फक्त समजा, एका भागाचा खर्च १० कोटी आणि १०० चौ.मी.ची दोन लाख एककं. म्हणजे एककाला वर्षाला ५०० रुपये. काकाजींची ३४ एककं, १७,००० रुपये. मुरूम धरला तर ३९ एककं आणि १९,५००.

आकडा ऐकून काकाजी शांत झाले. त्यांना लाखात ऐकायची भीती होती. मग लगेच: "कमी कसं करता येईन ते सांग."

मिसिसागात धंद्यांच्या जागांना ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. पाणी आवारात थोपवलं, स्वच्छ केलं, सावकाश सोडलं, तर. फिलाडेल्फियात पहिला एक इंच पाऊस जागेवर सांभाळला की मोठी सूट. काकाजींच्या फक्त छतांवरचे २५ मिमी साठवायचे तर ४६ हजार लिटर होतात, म्हणजे टाकी ५० हजारांची. जमिनीखाली आरसीसीची अशी टाकी माझ्या अंदाजानं पाच लाखांच्या खाली होत नाही. सवलत पूर्ण मिळाली तरी वाचतात वर्षाला ८,५०० रुपये. टाकीचे पैसे फिटायला साठ वर्षं. काकाजी चौऱ्याहत्तरचे आहेत. ते हसले.

हा प्रकार नागपूरपुरता नाही. दर लहान असला की सवलत कागदावर राहते, कारण बिल भरणं टाकीपेक्षा स्वस्त पडतं. फिलाडेल्फियानं म्हणूनच सवलतीच्या जोडीला धंद्यांना बांधकामासाठी अनुदानं दिली. नुसत्या सवलतीची जाहिरात करून लोक सिमेंट फोडतील, ही आशा मी तरी ठेवत नाही. काकाजींच्या अंगणात भिंतीच्या कडेनं ४०० चौ.मी. सिमेंट असं आहे, जिथं ट्रकचं चाक कधी जात नाही. ते फोडलं तर चार एककं कमी, वर्षाला २,००० रुपये. ब्रेकर लावणाऱ्याची मजुरीही त्यात लवकर निघणार नाही.

टाकीत आणखी एक गोम आहे. पावसाचं पाणी साठवणं आणि पूर थोपवणं ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. साठवणारा म्हणतो टाकी भरलेली हवी, थोपवणारा म्हणतो रिकामी हवी. जुलैत भरून झाकण लावलेली टाकी सप्टेंबरच्या त्या रात्री एक लिटरही घेणार नव्हती. सवलत देणारी शहरं म्हणून पाणी ठरावीक वेळात सोडणारं छोटं भोक मागतात आणि तपासायला माणूस पाठवतात.

आपल्याकडे राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौ.मी. आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. ते न केल्यास दर १०० चौ.मी. बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणीची तरतूद आहे. पुन्हा बांधकाम! पाच मजल्यांना पाचपट, छत एकच असलं तरी. काकाजींचं गोदाम जुनं, त्यामुळे हा नियम त्यांच्या वाटेला जात नाही. शहरातलं बहुतांश सिमेंट असंच नियमाच्या आधीचं आहे. शुल्काचा खरा उपयोग तिथं आहे: ते जुन्या आवारापर्यंतही पोचतं.

शुल्क की कर

दुसऱ्या रविवारी काकाजींचे एक वकील मित्र चहाला आले आणि त्यांनी नेमकं दुखतं ठिकाण दाबलं. याला शुल्क म्हणाल तर बदल्यात सेवा दाखवा, कर म्हणाल तर कायद्यातलं कलम दाखवा. आपल्याकडे हा फरक सर्वोच्च न्यायालयानं १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात मांडला. पुढच्या निकालांनी तो सैल केला. १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्सच्या निकालानंतर रुपयाला रुपया जुळवून दाखवावा लागत नाही, पण घेणं आणि देणं यांत काही नातं लागतंच. अमेरिकेतही हा काटा लागला आहे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये लान्सिंग शहराचं पावसाच्या पाण्याचं शुल्क रद्द केलं. त्यांचं म्हणणं असं की हा वेश बदललेला कर आहे, आणि कर हवा तर मतदारांना विचारा.

म्हणून वेगळं खातं लागतं. या पैशातून नालीच होणार, दिवाबत्ती किंवा पगार नाही, हे खात्यावरूनच दिसायला हवं. काकाजींचा रस्त्याचा मुद्दाही इथंच येतो. बहुतेक शहरं स्वतःच्या रस्त्यांना हे शुल्क लावत नाहीत, रस्ते पाणी वाहून नेण्याच्या यंत्रणेचाच भाग धरतात. नागपुरात रस्ताच जर पाणी आवारात ढकलत असेल, तर काकाजी कुठल्या सेवेचे पैसे देणार? मला त्यांचं पटतं. फाटकापुढच्या चेंबरची पातळी रस्त्याबरोबर वर गेली, ती खाली आणल्याशिवाय त्या बाजूच्या अंगणाची एककं लावू नयेत. भिंतीच्या भोकातून नाल्यात जाणाऱ्या निम्म्या पाण्याचे पैसे मात्र खुशाल लावावेत.

सरकारी जागांचा प्रश्न नागपुरात मोठा आहे. रेल्वे, वायुसेनानगर, सेमिनरी हिल्सच्या केंद्रीय वसाहती. घटनेच्या २८५ कलमानं केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक कर लागत नाही. पण राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सेवाशुल्काची वाट ठरली: कर नाही, पण मिळणाऱ्या सेवांचे पैसे. अमेरिकेतही २०११ च्या सुरुवातीला लागू झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीनं संघीय इमारतींना पावसाच्या पाण्याचं शुल्क भरायला लावलं. हे झालं नाही तर गोदामवाला आणि दुकानदार भरणार आणि त्यांच्याहून मोठी छतं सुटणार.

वकील गेल्यावर काकाजींनी ताडपत्र्यांचा ढीग बाजूला करायला लावला आणि विहिरीत डोकावले. पाणी खोल होतं, पण होतं. मागच्या छताचे दोन पाइप त्या बाजूलाच उतरतात. पहिल्या सरीचं कबुतरांच्या विष्ठेचं पाणी बाहेर सोडायला एक वाल्व्ह, पुढे वाळू-गिट्टीची गाळणी, तिथून विहीर. प्लंबरनं दिलेला अंदाज टाकीच्या एका कोपऱ्याइतकाही नव्हता. मे संपायच्या आत ते काम झालं.

जूनमध्ये पुतण्यानं तिकडून नवं बिल पाठवलं. काकाजींनी ते मला दाखवलं नाही, आधी त्यालाच फोन लावला. मी समोर बसलो होतो.

"आकडा राहू दे बे. आधी हे सांग, तुमच्याइकडं मुरूम धरून राहिले का?"